उजवीकडं जरा जड

३ फेब्रुवारी, सोमवार
गाडीबद्दल आजपासून घरात कुणाचं ऐकायचं नाही, असं ठरवलं. स्टीअरिंगमध्ये प्रॉब्लेम नाही. उजवीकडं वळताना जरा जड जातं, एवढंच. सोळा वर्षांची गाडी आहे. माणूससुद्धा उतारवयात कूस बदलताना कण्हतो, म्हणून त्याला भंगारात देतात का?
याच गाडीनं मंजुश्रीला क्लासला सोडलं, याच गाडीतून तिची पाठवणी केली. आता ती नांदेडला बाळंत झाली. मुलगी झाली. नातीला घेऊन पहिल्यांदा उदगीरला येणार, तीही याच गाडीतून. विषय संपला.
रत्नम्माचा विषय संपला नाही. ती ‘ब्याडा’ म्हणाली. बायकोनं कन्नडमध्ये नको म्हटलं की ते फायनल असतं, असा तिचा समज आहे.

५ फेब्रुवारी
जिलानीभाईंच्या गॅरेजला हवा भरायला गेलो. फक्त हवा. त्यांनी न विचारता स्टीअरिंग फिरवून बघितलं. म्हणाले, गुंडप्पाशेठ, स्टीअरिंगचा रॅक गया. गाडी ठेवून जा. मी विचारलं, डावीकडं तर मस्त वळते ना? ते म्हणाले, वळते, पण उदगीरचे सगळे रस्ते डावीकडंच जाऊन राहिलेत का?
या माणसाला वकिली करायला पाहिजे होती. हवा भरून निघालो.

७ फेब्रुवारी
सिस्टीम बसवली. उजवं वळण घ्यायचंच नाही. तीन डावी वळणं घेतली की एक उजवं होतं. साधं गणित आहे, पण डोकं लागतं.
दुकान घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. आज मोंढ्यातून, देगलूर रोडवरून फिरून गेलो. बजरंग शटर उघडून गिऱ्हाइकाला साड्या दाखवत बसला होता. म्हणाला, शेठ, बाहेरगावी गेला होतात का? जुना नोकर आहे म्हणून सोडून दिलं.

१० फेब्रुवारी
नांदेडहून व्याही सिद्धराम यांचा फोन. फार नम्र माणूस. नम्र माणसांचा मला लई त्रास होतो. म्हणाले, आपण कशाला दगदग करता, आमची नवी गाडी दारात उभी आहे, आम्हीच आणून सोडतो. मी म्हणालो, आमची लेक आम्ही आणू. दारातली गाडी दारातच राहू द्या.
मागाहून मंजूचा फोन. तिनं सरळ विचारलं, बाबा, स्टीअरिंगचं काम केलं का? आईनं चुगली केलेली दिसते. मी म्हणालो, जिलानीभाईंकडं नेली होती. यात एक शब्द खोटा नाही. ती म्हणाली, मग तुम्हीच या, मी इकडं सगळ्यांना सांगून टाकते, माझे बाबा येणार म्हणून.
फोन ठेवून गाडी पुन्हा एकदा पुसून काढली. धूळ फार बसते.

१३ फेब्रुवारी
रत्नम्मा सोबत येत नाही. म्हणाली, मी घरी राहून पाळणा बांधते, कुणीतरी जिवंत पाहिजे. मी दुर्लक्ष केलं. मागच्या सीटवर नवी चादर टाकली. बाळासाठी पुढच्या काचेला पडदा लावला, मग मलाच दिसेना म्हणून काढला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी
निघतोय. स्वतःला भस्म लावलं, स्टीअरिंगलाही लावलं. दुपारी जेवायला नांदेड. लोक बघत राहतील.

त्याच दिवशी, दुपारी, हायवेवर गाडी बाजूला घेऊन
जळकोट झालं, कंधार झालं. मधली किरकोळ उजवी वळणं सीटवरून उठून, दोन्ही हातांनी ओढून घेतली. व्यायाम चांगला झाला.
लोह्याला हायवे लागला. नांदेड उजवीकडं. स्टीअरिंग हललं नाही. म्हणजे अजिबात नाही. मागं ट्रक, त्याच्या मागं एसटी, त्याच्या मागं उसाचा ट्रॅक्टर. एसटीच्या ड्रायव्हरनं खाली उतरून माझ्या घराण्याचा उद्धार केला. लोकांची गैरसोय नको म्हणून डावीकडं वळलो. पुढं यू-टर्न घेऊ म्हटलं. यू-टर्न उजवीकडूनच घ्यावा लागतो, हे वळल्यावर ध्यानात आलं. डावीकडं जायला रस्ता शोधला, तर नुसती शेतं.
मंजूचा फोन आला. बाळाला अंघोळ घालून, टोपडं बांधून ती बॅगेवर बसलेली. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्यात. कुठवर आलात, म्हणाली. मी म्हणालो, लोहा सोडलं. तेव्हा मी नांदेडला पाठ आणि अहमदपूरकडं तोंड करून उभा होतो.

संध्याकाळी, घरी
शिरूर ताजबंदला उदगीरची पाटी दिसली. डावीकडं. वळलो.
रत्नम्मा भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिनं मागच्या सीटवर बघितलं. नवी चादर होती. तशीच आत गेली. भाकरतुकडा तसाच ओट्यावर ठेवला.
मंजूला फोन केला. रस्त्याचं काम चालू आहे म्हणालो. ती मग म्हणाली, बरं. मागून भांड्यांचा आवाज येत होता, जेवणं उरकत असावीत.
एक गोष्ट मात्र नमूद करून ठेवतो. एवढ्या प्रवासात गाडी एकदाही बंद पडली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
व्याह्यांची गाडी दुपारी गल्लीत आली. मंजू आणि बाळ मागं बसलेले. माझी गाडी परवा आली तशीच गल्लीत आडवी उभी, त्यामुळं त्यांची गाडी दारापर्यंत येईना. सिद्धराम उतरले, नमस्कार केला, म्हणाले, आपली गाडी जरा बाजूला घेता का, पोरीला ऊन लागतंय.
मी म्हणालो, आत्ता घेतो. बसलो. चालू केली. ओढलं. उठून ओढलं. सिद्धराम खिडकीतून हात घालून ओढायला लागले, फार नम्रपणे. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. कुणीतरी जिलानीभाईंना फोन केला. मी म्हणालो, गरम झाली की सुटते, दोन मिनिटं थांबा.
तेवढ्यात मंजू खाली उतरली. बाळाच्या डोक्यावर पदर धरून माझ्या गाडीच्या कडेनं, भिंतीला घासत, चालत निघाली. खिडकीपाशी थांबली. मी म्हणालो, बस मागं, चादर टाकलीय. तिनं बाळाचं तोंड मला दाखवलं. झोपलं होतं.
म्हणाली, बाबा, राहू द्या आता.
राहू दिलं.