ओढ्यातले पत्रे आणि सुमनबाईंची साक्ष

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

शिक्षा झाली! पेपरला बातमी केव्हाच दिली, तरी मन जागेवर येत नाही. दंडावर भागेल असं मी धरून चाललो होतो. ठेकेदाराला कैद झाली, आणि वसतिगृहासाठी जुनं गोदाम पाडून घेणाऱ्या कोचिंग क्लासच्या मालकालाही. "मी फक्त काम दिलं" ही सबब चालली नाही.

गोदामाचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे त्यांनी सुमनबाईंच्या गावच्या ओढ्यात फेकले होते. त्यातले धड पत्रे सुमनबाईंनी उचलून घरावर घातले. भूकंपात मातीचं जड माळवद कोसळून आई गेली, तेव्हापासून डोक्यावर हलका पत्रा असला तरच त्यांना झोप लागते. या पत्र्यांची धूळ छातीत बसते हे मी सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "म्हंजी हेबी छप्पर जीवच घेतंय व्हय?"

बचाव एवढाच होता, की पत्रे बाईंनीच मागून नेले. चोरीच्या आळाला भिऊन त्या गप्प बसल्या असत्या तर? दोघंही सुटले असते. पण त्या वकिलाला म्हणाल्या, "मागितले असते तर दारात उतरवले असते की सायब. वढ्यात कामून फेकले?"

आता कोर्टाच्या आदेशाने बाईंचे पत्रे नीट उतरवून नवं छप्पर घालायचं, तेही आरोपींच्या खर्चाने. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मावशी, तोवर झोपणार कुठं?"

"अंगणात. आभाळ काय अंगावर पडत न्हाई."