बाईंचं एक, वाचायचं एक

रहिमतपूर, सोमवार

प्रिय राजी,

कुणीतरी थोर म्हटलं म्हणून पुस्तक घरी नेणारी, तिसाव्या पानाशी दमणारी आणि आपल्यालाच अक्कल कमी असं समजून ते गुपचूप परत करणारी माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत. त्या सगळ्यांची एक तक्रार आहे आणि ती माझ्याविरुद्ध आहे. तुझीही तीच. बाकीच्यांनी ती गिळली, तू उभी राहून बोललीस, म्हणून हे पत्र तुला.

फोन करता येत नाही, कारण माझा आवाज बसला आहे. मिरजेला मयूरी म्हणून डॉक्टर आहे, माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी. तिने घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत. साध्याच आहेत, पण सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. चाळीस वर्षं सांगलीच्या कॉलेजात शिकवलं, निवृत्त होऊन गावी आल्यावरही सातारा-सांगलीत व्यासपीठ म्हणून सोडलं नाही, त्या बाईला ही शिक्षा. पहिल्या आठवड्यात मी भांड्यांवर राग काढला. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी फार दमले आहे, आणि हे दमणं आजचं नाही.

घरात बसवेना म्हणून रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसते. खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडून. न बोलणाऱ्या माणसाला लोक चार दिवसांत विसरतात, हे मला या वयात कळलं. एका कार्डावर दोन पुस्तकं मिळतात, तुला ठाऊक आहे. मागच्या बुधवारी शालूबाई आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या त्या, पुस्तकांवरची माझी एकही बैठक न चुकवणाऱ्या, पहिल्या रांगेत बसून मान डोलावणाऱ्या. मी वर्तमानपत्राआड होते. त्यांनी कार्ड पुढे केलं आणि टेबलापलीकडच्या आपल्या नारायणला म्हणाल्या, “बाईंचं एक द्या, आन वाचायचं एक द्या.” नारायणनेही सवयीने दोन पुस्तकं काढून दिली. मग त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तो बिचारा शिक्क्याची पेटी उघडून त्यातच बघत बसला.

शालूबाई गेल्यावर मी वहीवर लिहून विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, बाई, मी इथे लागलो तेव्हापासून. म्हणजे अकरा वर्षं. मग मात्र त्याने सगळं सांगितलं. शनिवारच्या बैठकीत मी एखादं पुस्तक उचलून धरते. रविवारी लोक ते न्यायला येतात, कारण बाजारात मी गाठते आणि वाचलं का म्हणून विचारते. न्यायचं, टीव्हीजवळ ठेवायचं, पंधरा दिवसांनी आणून द्यायचं. देताना नारायणकडून शेवट तेवढा ऐकून घ्यायचा, बाईंनी विचारलं तर अडायला नको. त्यामुळे मी सांगितलेली सगळी पुस्तकं या गावात एकट्या नारायणने पूर्ण वाचली आहेत. कशी वाटली, असं मी त्याला लिहून विचारलं. तो म्हणाला, दोन-चार लय चांगली होती बाई, बाकीची नोकरी म्हणून वाचली.

मी कपाटापाशी गेले. पुस्तकाची कड बघितली की कळतं, राजी. हाताळलेल्या पानांची कड मळते. माझ्या शिफारशीच्या पुस्तकांची कड बोटभर मळलेली, पुढे सगळी पांढरीशुभ्र. पुरस्कारांची, पाच-पाच आवृत्त्यांची, मी ज्यांच्यासाठी घसा फोडला ती पुस्तकं.

आधी अर्थातच संताप आला. ह्यांना वाचायचंच नाही, ह्यांना मऊ भात हवा, असं एक अख्खं व्याख्यान मनातल्या मनात ठोकलं. पण ऐकायला मीच होते आणि मलाही ते जुनं वाटलं. दुसऱ्या दिवशी आकारामभाऊ शेजारी येऊन बसले. निवृत्त सुभेदार. मी उत्तर देऊ शकत नाही हे कळल्यावर माणूस मोकळा झाला. युद्धावरची ती सातशे पानांची कादंबरी मी त्यांना माझ्या हाताने दिली होती. म्हणाले, “आवं बाई, त्यातला जवान मरताना चार पानं भाषान करतोय. आमच्या पलटनीतला नाथाजी गेला तवा नुसतं पानी म्हनाला. आन ते बी आर्धंच.” एवढं सांगून ते पेन्शनीच्या कागदांवर बोलत राहिले. मी मात्र तिथेच अडले. त्या चार पानांचं मी साताऱ्याला जाहीर वाचन केलं होतं. लोक रडले होते. आकारामभाऊही त्या सभेत होते, आणि ते रडले नव्हते हे मला आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, फौजी माणूस, मनाने घट्ट.

अवघड पुस्तकं वाचावीत हे मी अजूनही म्हणते. आवाज परत आला की पुन्हा म्हणेन. सोप्याची सवय लागलेला समाज कुणाच्याही मागे जातो, या मतात तसूभर फरक नाही. पण ज्या वाचनालयात ‘मला नाही आवडलं’ म्हणायची सोय नाही, तिथे नुसते नमस्कार होतात. आणि ती सोय मी बंद केली. कार्तिकातल्या त्या शनिवारी, तुझ्यावर.

ती कादंबरी गलाईवाल्याच्या बायकोची. नवरा सोनं गाळायला दूर दक्षिणेत, ती इकडे विट्याच्या बाजूला, सासू-सासरे, पोर आणि वाट बघणं. मी ती पंधरा-वीस सभांत सांगितली. त्या दिवशी तू उठून म्हणालीस, “मला नाही आवडली. ही बाई सव्वीस वर्षं वाट बघते आणि तिला एकदाही राग येत नाही. असं माणूस नसतं.” आणि मी खुर्चीतून न उठता म्हटलं की काही जणींचं वाचन दहावीच्या पुस्तकापाशी थांबतं, त्याला लेखकाने काय करावं. लोक हसले. टाळीसुद्धा पडली. टाळी कुठल्या वाक्याला पडते हे मला झोपेतही कळतं. तू पिशवी उचललीस आणि स्टँडकडे गेलीस. त्यानंतर तू आली नाहीस, याला आता पाच महिने झाले.

दहावीनंतर तुझं लग्न झालं आणि मी सांगलीला शिकायला गेले, यात माझी हुशारी नव्हती. माझे वडील शिक्षक होते, तुझे नव्हते. शाळेत असताना आपण दोघी एका कार्डावर पुस्तकं आणायचो. आधी तू वाचायचीस आणि मला सांगायचीस, यातला हा माणूस खोटा आहे, ही म्हातारी खरी आहे. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिला नंबर मिळाला, ते भाषण म्हणजे ओढ्याच्या कडेला बसून तू सांगितलेलंच होतं. मी फक्त आवाज लावला. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

पण याहून वाईट गोष्ट या मुक्या दिवसांत कळली. ती कादंबरी मला एवढी का आवडली याचा विचार करत होते. तुझे लालासाहेबही तिकडे तमिळ मुलखात सोन्याच्या भट्टीपाशी आणि तू विट्यात. सांगलीहून विटं ते किती लांब? मी तुझ्या वीरधवलच्या बारशाला आले आणि एकदम त्याच्या लग्नाला. मधल्या वर्षांत भेटलो की तू म्हणायचीस, बरं चाललंय. आणि मला व्याख्यानाला जायचं असायचं. मग ते पुस्तक हाती आलं आणि वाटलं, आता मला राजीचं सगळं समजलं. डोळे भरून आले, बरंही वाटलं, विचारायचं राहून गेलेलं परस्पर मिटलं. तुझ्याऐवजी मी ते पुस्तक वाचलं, राजी. म्हणून तू ‘असं माणूस नसतं’ म्हणालीस तेव्हा पुस्तकाचं काही बिघडलं नाही. मला तुझ्याबद्दल काडीचं माहीत नाही, हे चारचौघांत उघडं पडलं. ते झाकायला मी तुझी दहावी काढली. चुकले. याला दुसरा शब्द सजवून लिहिणार नाही.

आता पत्राचं कारण. त्या दिवशी उठताना तू दोन बोटं वर केली होतीस आणि म्हणाली होतीस, मला दोन गोष्टी सांगायच्यात. एक सांगून झाली. दुसरी मी सांगू दिली नाही. पाच महिने ते दुसरं बोट माझ्या डोळ्यांसमोर आहे. लालासाहेब चार वर्षांपूर्वी कायमचे घरी आले, तुझा राग अजून जागा असेल, आणि ती दुसरी गोष्ट पुस्तकाबद्दल होती की तुझ्याबद्दल, मला माहीत नाही. पत्रात उत्तर लिहू नकोस. येत्या शनिवारी चार वाजता बैठक आहे, त्याच पुस्तकावर. मी नारायणला तसा फळा लिहायला लावला आहे. दहावीचं ते वाक्य माझं होतं आणि ते नीच होतं, हे मी कागदावर लिहून त्याच्याकडे दिलं आहे. बैठक सुरू होताना तो ते वाचून दाखवेल. मयूरीने मला अजून तीन आठवडे बोलायची बंदी केली आहे, म्हणजे तुला तोडणारं कुणी नाही. विट्याहून दुपारची साताऱ्याची एसटी धर, रहिमतपूरला उतर आणि सगळ्यांसमोर उभी राहून ती दुसरी गोष्ट सांग.

तुझीच,
विनोदिनी