माझ्या नावाची तक्रार

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर माझा आवाज बसलेला होता, तेव्हा मी सर्दीचं निमित्त सांगितलं. सर्दीबिर्दी काही नाही. तुझे भाऊजी समोर बसले होते. हल्ली मी फोन उचलला की ते समोर येऊनच बसतात. म्हणून हे पत्र. दुपारची वेळ आहे, मागच्या खोलीत त्यांचं यंत्र घरघरतंय. ती घरघर चालू आहे तोवर ते बाहेर येत नाहीत, तेवढ्यात जमेल तितकं लिहिते. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे.

तुला माझा नाण्यांचा नाद माहीतच आहे. बाबा वजनमापं तपासायचे, पण त्यांचा खरा जीव जुन्या नाण्यांत. आठवतं ना, त्यांना लांबून पाहिलं की भाजीवाला न मागता दोन बटाटे जास्त टाकायचा? तो तपासणीचा किडा माझ्यात उतरला. ऑनलाइन लिलावात जुनी नाणी विकायला येतात, त्यांचे फोटो मोठे करून बघायचे आणि खोटं दिसलं की त्या साइटला कळवायचं, हा माझा गेल्या काही वर्षांचा विरंगुळा. संग्राहकांच्या गटात मला ‘भिंगवाली’ म्हणतात. खरं नाणं ठशाखाली दाबून पाडलेलं असतं, त्याची अक्षरं धारदार असतात. ओतलेल्या नाण्याची अक्षरं चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत होतात, अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात, आणि कडेला साच्याचा सांधा कानशीने घासल्याची खूण दिसते. मी कळवायचे, साइटवाले नाणं काढून टाकायचे, गटातले लोक पाठ थोपटायचे. घरातल्या चार भिंतींत मला कुणी काही विचारत नव्हतं, तिथे मात्र माझ्या शब्दाला वजन होतं. खोटं कशाला बोलू, त्याचं मला फार सुख होतं.

मग टोपणनावाने विकणारा एक विक्रेता दिसायला लागला. त्याच्याकडे एकच नाणं, जहाजाचं चित्र असलेलं, चांदीचं. विकलं गेलं की काही दिवसांनी पुन्हा तसंच दुसरं. मी नेहमीसारखा फोटो मोठा केला. भोकं होती, घासलेली कड होती. आणि मधल्या डोलकाठीच्या शेजारी एक खळगा होता. धाकट्या, तो खळगा मी झोपेतही ओळखीन. शाळेच्या शर्यतीत तुला काही मिळालं नाही म्हणून तू बाबांच्या जहाजाच्या नाण्याला खिळा ठोकून भोक पाडायला बसला होतास, गळ्यात मेडल घालायला. पहिल्याच घावाला बाबा आले. मारलं नाही त्यांनी, नुसतं म्हणाले, “आता हे जगात एकटंच आहे रे, असं दुसरं सापडायचं नाही.” आणि इथे माझ्यासमोर तसंच नाणं चौथ्यांदा विक्रीला लागलं होतं.

मी उठून कपाट उघडलं. बाबांनी मला दिलेली डबी होती. नाणं नव्हतं.

दवाखान्यांना कृत्रिम दात घडवून देण्याच्या धंद्यात तुझे भाऊजी किती निष्णात आहेत ते तू पाहिलं आहेस. मेणाचा दात घडवायचा, त्याभोवती साचा ओतायचा, मेण वितळवून त्या जागी धातू भरायचा. आता दवाखाने सगळं मोठ्या कारखान्यांतून करून घेतात, यांच्याकडे कुणी फिरकत नाही. हात रिकामे राहिले की माणसाचं काय होतं ते मी घरात बघत होते. मागच्या खोलीत काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. दातांचं साहित्य ऑनलाइन विकायचंय, माझ्या कागदपत्रांवर खातं लवकर उघडेल, म्हणाले. मी कागद दिले. नवऱ्याला कागद देताना कोण भिंग लावून बघतं?

त्या दिवशी मी मागच्या खोलीत गेले. टेबलावर ओळीने जहाजं पडली होती, निवत. मी म्हटलं, “हे बंद करा, नाहीतर मी तक्रार करीन.” त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही. म्हणाले, “कर की. पण विकणारा कोण आहे ते आधी बघ. नाव तुझं, पत्ता तुझा, नाणं तुझ्या बापाचं. आणि खोटी नाणी ओळखण्यात गावभर नाव कुणाचं आहे? मला काही कळत नव्हतं असं तू म्हणशील, तर पटेल कुणाला?” आवाज चढवला नाही, धाकट्या. दाताचं माप सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, “चहा टाक.” आणि मी टाकला.

तरी मी तक्रार केली. साइटचं उत्तर आलं, की खातेदाराला स्वतःच्याच वस्तूंविरुद्ध तक्रार नोंदवता येत नाही, खात्यात गडबड वाटत असेल तर पासवर्ड बदलावा. पासवर्ड बदलायचा आकडा जातो यांच्या फोनवर. त्या संध्याकाळी त्यांनी तो आकडा मला हसत वाचून दाखवला. तेव्हापासून ते माझ्या फोनसमोर बसतात, बाजारात जायचं तर सोबत येतात, पिशवी स्वतः धरतात. शेजारीण म्हणते, नशीबवान आहेस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. गटातल्या एका निवृत्त मास्तरांनी तेच जहाज घेतलं आणि हौसेने फोटो टाकून विचारलं, “भिंगवाली ताई, काय म्हणता?” सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. त्यांनी दोनदा विचारलं, मग माझी तब्येत कशी आहे म्हणून चौकशी केली.

आणि काल तुझं पार्सल आलं. भाऊजी अंघोळीला गेले होते, म्हणून ते माझ्या हाती लागलं. आत ते जहाज, आणि तुझी चिठ्ठी: ‘ताई, लिलावात माझा खिळा दिसला म्हणून घेतलं. पाकिटावर तुझं नाव होतं. अडचण असेल म्हणूनच विकलंस, मी काही विचारत नाही. बाबांचं आहे, तुझ्याकडेच राहू दे.’ मी ते हातात घेतलं आणि घेताक्षणी कळलं, हलकं आहे. तू खूण बरोबर ओळखलीस रे, नाणं मात्र खोटं आहे. खरं मागच्या खोलीत कुलपात आहे. तुझ्या या मोठेपणापुढे मला रडताही आलं नाही, कारण न्हाणीतला नळ बंद झाला होता. पण तेव्हाच मला सुचलं, की माझं साइटवाले ऐकत नाहीत, तुझं त्यांना ऐकावं लागेल. तू गिऱ्हाईक आहेस. म्हणून नाणं परत पाठवते आहे, शेजारीण पोस्टात टाकेल. ते सोनाराकडून तपासून घे आणि साइटवर आणि पोलिसांत, दोन्हीकडे तक्रार दे. विक्रेत्याचं नाव विचारतील तिथे माझं लिही, पूर्ण, बाबांच्या नावासकट. मला वाचवायला म्हणून काही गाळू नकोस, बहीण आहे म्हणून थांबू नकोस. चौकशीला आले तर निदान कुणीतरी हे दार बाहेरून वाजवेल, आणि मला उघडावं लागेल. घरघर थांबली. पुरे करते.

तुझ्या तक्रारीची वाट पाहणारी,
तुझीच ताई