जहाजाच्या पोटातून

धुळे

राजदीपभाऊ,
सप्रेम जय भीम.

तुमची युद्धनौकांची कंपनी कामगारांना आणि खाडीला कसं वागवते, ते तपासायला कंपनीनेच नेमलेल्या संस्थेकडून मी आले होते. तू खोकत, मास्कशिवाय, जहाजाच्या पोटातलं रंगकाम सोडून वर आलास. साहेबांसमोर मी तुला ओळख दाखवली नाही.

"मास्क मिळतो ना रे?" मॅनेजरने विचारलं.

माझ्याकडे बघत तू म्हणालास, "मिळतो साहेब."

माझं काम अडू नये म्हणून तू खोटं बोललास, हे मला कळलं. तरी मी अहवालात तेच लिहिलं. खाडीत सोडलेल्या रंगाच्या पाण्याचा उल्लेखही गाळला.

काल आईने विचारलं, "भाऊ भेटना का तुले?"

मी म्हटलं, "नाही, भेटला नाही."

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही.

तुझी बहीण,
प्रज्ञा