व्हिटलॉकच्या ओसरीवरचं पोतं

प्रिय लँड्री,

सोमवार, १७ मार्च, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. शेरीफच्या पोलिसांतला तो माणूस चिखलाचे बूट घालून माझ्या स्वयंपाकघरात शिरला, ती ही वेळ. त्या गोष्टीला आज चार आठवडे झाले. तू तिथे तुरुंगात आहेस, जामीन आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि मी इथे रोज सवयीने दोघांची कॉफी करते आणि तुझी ओतून टाकते.

त्या दिवशी मीच तुला म्हटलं होतं, "सांगून टाक रे सगळं. लपवतो तो चोर." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोटिल्डने आम्हाला हेच शिकवलं होतं. आधी कबुली, मग क्षमा. तिने हे सांगितलं नव्हतं की समोरचा वही घेऊन बसला असेल तर नुसती कबुलीच लिहून घेतली जाते. तू म्हणालास, "हो, व्हिटलॉकची बोट मी नेली. पाणी चढलं की इथे सगळेच नेतात. ओसरीवर क्रॉफिशचं, खाडीतल्या त्या लाल झिंग्यांचं, पोतं ठेवून गेलोय मी." तुझ्या आजोबांच्या काळापासून या खाडीवर बोट अशीच मागितली जाते. माणूस घरी नसला तरी पोतं बोलतं. पण ह्यूस्टनहून आलेल्या त्या व्हिटलॉकला कोण सांगणार! शेरीफच्या माणसाने त्याला फोन लावला. तो म्हणाला, "कसलं पोतं?" झालं. वहीत एकच वाक्य गेलं: बोट मी नेली.

सरकारने दिलेल्या आपल्या वकीलबाई, मिस बातीस्त, यांच्याकडे दोनशे खटले आहेत, आणि त्यांच्या गाडीतही फायलीच बसलेल्या असतात. तरी त्यांनी तुझं आरोपपत्र मला वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मिस ओडील, चोरी म्हणजे दोन गोष्टी. न विचारता नेणं, आणि परत द्यायचंच नाही असं मनात असणं. दोन्ही सरकारने सिद्ध करायच्या. लँड्रीने काहीच सिद्ध करायचं नसतं. त्याने तोंड मिटून वकील मागायला हवा होता." माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, पण मला कळलं. म्हणजे सगळा खटला त्या पोत्यावर उभा आहे.

आता सरकारी वकील म्हणतात, गुन्हा कबूल कर आणि घरी जा. हे घरी जाणं कसलं? कागदावर जन्मभर चोर. समुद्रातल्या तेलविहिरींवर तुला कोणी कामाला उभं करणार नाही. तू थकला आहेस, सही करशील, हे मला माहीत आहे. लहानपणीही खेळात हरायला लागलास की डाव अर्धाच सोडायचास.

खटल्याबद्दल पत्रात अक्षर लिहू नका, तिथे पत्रं उघडून वाचतात, असं बाईंनी बजावलं आहे. वाचू देत. जे लिहिते आहे ते मी शनिवारी शपथेवर सांगून आले आहे.

शुक्रवारी, १४ तारखेला, चर्चमधल्या मिस्साहून येताना मी ते पोतं पाहिलं. वर पुठ्ठा होता, पेन्सिलीने लिहिलेला: "बोट मंगळवारी परत आणतो. लँड्री." व्हिटलॉक रविवारपर्यंत येणार नव्हता. उन्हात मरून जातील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याने कुंपणावर 'आत येऊ नये' अशी पाटी लावली होती, आणि तसल्या माणसाला तुझे क्रॉफिश कशाला, म्हणून मी ते उचलून आणले. उपासाचा शुक्रवार होता, माझ्याकडे जपमाळेला जमणाऱ्या बायकांना उकडून वाढले. पुठ्ठा चुलीत घातला. आणि सोमवारी शेरीफच्या माणसासमोर कॉफी ओतत गप्प उभी राहिले, कारण सत्तर वर्षांची ओडील परक्याच्या ओसरीवरून पोतं उचलते हे माझ्या तोंडून निघेना. चोर मी, आणि कोठडीत तू.

सरकारी वकील म्हणतील, ही नॅनॅन, पोराची धर्ममाता, त्याला वाचवायला खोटं बोलते आहे. त्या बायकांतल्या युलालीने दोन डझन खाल्ले होते, आता म्हणते आठवत नाही. माझ्या शब्दाशिवाय तुझ्याकडे काहीच नाही, आणि तो शब्द चार आठवडे उशिरा आला आहे. तरी मी उभी राहणार आहे. मला क्षमा करू नकोस, नंतर बघू. कबुलीची मुदत शुक्रवारी, २५ एप्रिलला, दुपारी बारा वाजता संपते. सही करणार नाहीस, हे मला तुझ्या हातचं लिहून हवं आहे, गुरुवारच्या, २४ तारखेच्या, टपालापर्यंत.

तुझीच,
नॅनॅन ओडील