मुखपृष्ठावरची शाल

लिमा, १२ मे १९७३

ती. डोमितिलाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि चीज, दोन्ही पोचलं. चीज ऑफिसातच संपलं, कारण आमच्या ‘अमेलिया’ मासिकातून बायकांना कमी खायला शिकवणाऱ्या सगळ्याजणी स्वतः अधाशी आहेत.

बातमी अशी, की जुलैच्या अंकात राष्ट्रीय दिन येतो आणि सध्या सरकारला सगळं ‘आपल्या मातीतलं’ हवंय. त्यामुळे आमचे संपादक सेन्योर गारायार यांना अचानक डोंगरातल्या माणसांचा उमाळा आलाय. एरवी या गृहस्थांनी बटाटासुद्धा सोललेलाच पाहिलेला. मुखपृष्ठासाठी अस्सल चेहरा शोध म्हणाले. मी आपल्या आईचं नाव सुचवलं. तिनेच विणलेली शाल, तिच्याच खांद्यावर, आणि मागे उआंकायोचा रविवारचा बाजार. साहेब चक्क हो म्हणाले!

फोटोग्राफर पुढच्या रविवारी येईल. आईला सांग, नटायचं नाही, आहेस तशीच बस. मुलांना पापे. कळावे, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
एल्विरा

*

उआंकायो, २१ मे १९७३

चि. एल्विरा हिस,
अ. उ. आ.

तुमचा फोटोग्राफर येऊन गेला. गाडीतून उतरताच त्याला डोंगराची उंची लागून गरगरायला लागलं, मग साहेबांना माझ्या दुकानात, लोकरीच्या गठ्ठ्यांवर आडवं करून कोकाच्या पानांचा चहा पाजावा लागला. उठल्यावर नाकाला रुमाल लावून बाजारात हिंडला, जणू आम्ही सगळे त्याच्यासाठीच कुजत बसलो होतो.

आई पहाटेच केस धुऊन तयार होती. आहेस तशी बस म्हणून सांगितलं तर रागावली. म्हणाली, आहे तशी मी रोजच बसते, त्यात काय मोठंसं! तिने ती लाल किनारीची, पाखरांची शाल काढली. ती पाखरं या बाजारात आईशिवाय कुणी विणत नाही आणि आंधळ्यालाही ती ओळखू येतील, हे तुला सांगायला नको. फोटो झाल्यावर तो गडी शालच मागायला लागला. म्हणे, छपाईचे रंग जुळवायला हवी. जी शाल ती मला हातात धरू देत नाही, ती तिने घडी करून दिली.

आता अख्ख्या बाजाराला खबर आहे. पाववाली युसेबिया तर आई दिसली की जळफळाटाने रस्ता बदलते. मला तुमची मुखपृष्ठं कधीच आवडली नाहीत. दर महिन्याला तीच गोरी बया, दाढ दुखत असल्यासारखी मान वाकडी करून दात दाखवते. पण या खेपेला मी अंकाची वाट बघतेय. आईने तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. घोळ घालू नकोस.

तुझी ताई,
डोमितिला

*

लिमा, २ जुलै १९७३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी शेवटपर्यंत वाच, मग शिव्या दे. मुखपृष्ठावर आई नाही.

आम्ही दोन मुखपृष्ठं केली होती. एक आईचं. दुसरं मिराफ्लोरेसच्या श्रीमंत वस्तीतल्या आमच्या गोऱ्या मॉडेलचं, ग्लोरियाचं, आईची शाल घेतलेलं. साहेबांनी दोन्ही एका केशकर्तनालयात बायकांपुढे ठेवली आणि सगळ्यांचे हात ग्लोरियाकडे गेले. मासिकवाले टपरीवर चिमटे लावून अंक एकावर एक टांगतात, तेव्हा वरची पट्टी तेवढी दिसते. त्या पट्टीत मासिकाचं नाव हवं आणि गिऱ्हाइकाला रोखून बघणारे दोन डोळे हवेत. फोटोत आई खाली, स्वतःच्या हातांकडे बघतेय.

आणि खरं सांगू? आमच्या वाचक बाईला आरसा नकोच असतो. आरसा तिच्या घरी आहे, त्यात बघून ती विटलेली असते. तिला वाटतं, अंक घेतला की थोडं गोरेपण पिशवीतून घरी येईल. अशा मूर्ख बायकांवरच माझं पोट चालतं. मी साहेबांशी भांडले. फार नाही, पण भांडले.

अंक तिथे पोचायच्या आत आईला हळूच सांग. मला एवढं धैर्य नाही. अठ्ठावीसला रजा काढून घरी येतेय. सात वर्षांनी येतेय, तेव्हा आईची समजूत मीच काढीन. तोवर मला टाकू नकोस.

तुझी,
एल्विरा

*

उआंकायो, १० जुलै १९७३

चि. एल्विरा हिस,
आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिते.

मी आईला सांगितलं नाही. तू धाकटी, तुला धैर्य नाही. मी थोरली, मलाही झालं नाही. रविवारी ती माझ्याआधी निघाली आणि मासिकवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. मी पोचले तेव्हा भोवती बायका जमल्या होत्या. वर तुमची ग्लोरिया, अंगावर आईची पाखरं. शाल तर अशी लपेटलीय, जणू न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर आलीय. युसेबियाने आईला मोठ्याने विचारलं, की सातुर्निना, तू कुठेस गं यात?

आई म्हणाली, ही माझी एल्विरा. मीच तिला कळवलं, मी म्हातारी, माझं काय बघायचंय, शाल घेऊन तूच बस. कुणीतरी म्हणालं, पण ही किती गोरी! तर आई म्हणाली, लिमात ऊन कुठंय? शाल कशी घेतलीय बघा म्हणाली. कार्टी घाईघाईत घर सोडून गेली, शाल घ्यायलासुद्धा शिकली नाही, आता तरी पटलं ना?

पटलं. सात वर्षांत तुझा चेहरा बाजार विसरलाय. संध्याकाळच्या आत सगळे अंक खपले. युसेबियानेही घेतला. तुझे साहेब बरोबर निघाले, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

आईची नजर अजून पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवते. फोटोतली बाई ओळखण्यात ती चुकलेली नाही. पोटच्या मुलीने फसवलं, हे तिला बाजारासमोर येऊ द्यायचं नव्हतं. घरी येऊन तिने भाकरीसुद्धा खाल्ली नाही.

तुझा चेहरा आईचा आहे, एल्विरा. तेच नाक, तोच रंग. अठ्ठावीसला तू बसमधून उतरलीस की सबंध बाजारासमोर आई खोटी पडेल. हे मला सुचलेलं नाही. काल तिनेच सांगितलं, की एल्विराला लिही, या वर्षी येऊ नकोस.

शाल पोस्टाने पाठव. लोभ आहे, तो लांबूनच राहू दे.

तुझी ताई,
डोमितिला