येऊ का?

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार. (पाठ धरल्याने परवापासून वाकलेलाच आहे, म्हटलं त्यातच उरकून घ्यावा.) तुझा गुडघा आणि भावोजींचा स्वभाव, दोहोंत काही सुधारणा?

माझं उत्तम चाललंय, फक्त आमच्या पोलादरावावर गंडांतर आलं आहे. चित्रकथेतला हा वीर मी ऐन तिशीत काढायला घेतला, तेव्हा तो दार फोडून घरात घुसायचा, "घाबरू नका, मी आलोय!" अशी डरकाळी फोडायचा आणि चोराला बदडायचा. पुढे वाचक म्हणाले, चोरालाही पोट असतं; मग तो चोराला नोकरी लावून देऊ लागला. त्यानंतर त्याची चड्डी पँटच्या आत गेली. (समाज सुधारतो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.) काळाबरोबर चालायला माझी कधीच ना नव्हती, आणि चाललोही ऐटीत.

आता संपादकबाई नव्या आल्यात, वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्या म्हणाल्या, न विचारता कुणाच्या घरात शिरणं आता शोभत नाही. पटलं मला. म्हणून गेल्या अंकात जळत्या घराच्या खिडकीशी तरंगत पोलादराव अदबीने विचारतो, "येऊ का?" आणि तिथेच घात झाला! आपल्यात माणूस निघतानाही हेच म्हणतो. वाचकांना वाटलं, आग बघितली आणि गडी निघाला. खप आपटला. मालकांनी सांगून टाकलं, पुढचा अंक चालला नाही तर पोलादराव कायमचा बंद. ताई, मला खरंच रडू आलं. अर्धं आयुष्य त्याच्या संगतीत गेलंय गं.

मग तू आठवलीस. लहानपणी मी पाण्याच्या टाकीवर अडकलो होतो आणि अख्खी गल्ली खालून सल्ले देत होती. तू शिडी लावून वर आलीस, "सरक तिकडे" म्हणालीस, शेजारी बसलीस आणि माझं रडं थांबल्यावरच मला खाली आणलंस. तेव्हा नवा अंक पोलादरावाच्या थोरल्या बहिणीचा! ती उडत नाही, जिना चढून येते. गुडघा वाजला की लोकांना धीर येतो. हा अंक चालणार म्हणजे चालणारच.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. नाक तुझंच काढलंय. आहे तेवढंच.

आणखी एक ता. क. चित्रं पाहून संपादकबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग विचारलं, "ताईंना विचारलंत ना?" मी म्हटलं, माझीच ताई, तिला काय विचारायचं! तेव्हापासून छपाई थांबली आहे.

शेवटचा ता. क. तुझा होकार घ्यायला रविवारी जातीने येईन म्हणतो. येऊ का? (येण्याच्या अर्थाने.)